आपल्या हातचं तेवढंच

पावसानं ओढ दिली की माझं नाक आधी जागं होतं. ज्येष्ठात दोन पाऊस बरे झालेले असतात, रान हिरवं झालेलं असतं, माणसांच्या चालण्यात जरा उभारी आलेली असते, आणि मग आभाळ तोंड फिरवतं. ढग येतात, सावली टाकतात, निघून जातात. वारा सुटतो तो नुसताच सुटतो. या दिवसांतलं ऊन उन्हाळ्यातल्यासारखं उघड नसतं, दबा धरून बसल्यासारखं असतं. त्या उन्हात उभं राहिलेलं कडवळ एक वास सोडतं. गोडसर, मागून जरा कडवट. मला तो ओसरीत बसल्या जागी येतो. सून म्हणते, आत्या, तुम्हाला भास होतो. असेल बाई.

परवा ती इळा घेऊन निघाली. म्हणाली, "आत्या, जर्सीला कडवळ कापून आणते थोडं. नुसतं उभ्यानं वाळून चाललंय." मी एवढ्या मोठ्यानं "नको" म्हणाले की तिच्या हातातला इळाच पडला. मग माझं मलाच वाईट वाटलं. तिला जवळ बसवलं, पाठीवरनं हात फिरवला, म्हटलं, निसवू दे त्याला, कणीस बाहेर पडू दे, मग काप. ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे हो. पण गाय सकाळपासून हंबरतीय."

हेच ते. ठाऊक सगळ्यांनाच असतं, पण गाय हंबरत असते.

ज्यांचा गुरांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. कडवळ म्हणजे गुरांना हिरवं म्हणून दाट पेरलेली ज्वारी. पाऊस वेळेवर असला तर त्याच्यासारखा चारा नाही. पण पाण्यावाचून अडून बसलेलं, गुडघ्याएवढं, पानाचे शेंडे पिवळे पडलेलं कडवळ म्हणजे विष. आमच्याकडं त्याला किरळ म्हणतात. जनावराला किरळ लागली की ते उभ्या उभ्या कोसळतं, गडी विहिरीवरनं घरी येईपर्यंत संपतं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. आणि तरीही दर दोन-चार वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या दावणीला हे घडतंच. का घडतं, ह्याचा विचार मी जन्मभर करत आले. शाळेत काही गेले नाही मी. पोरांच्या पुस्तकांवरनं अक्षरं जुळवत शिकले. त्यामुळं लिहिताना बोलल्यासारखं होतं, ते चालवून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या जामखेडच्या अंगाला आधीपासूनच होता, बाकीच्यांना तो बहात्तरात दिसला एवढंच. मी लग्न होऊन नवी नवी आलेले. माझ्या अंगावरची हळद उतरली आणि लगेच डोक्यावर मातीची पाटी आली. पाझर तलावाचं काम निघालं होतं. आम्ही दोघी जावा एका रांगेत पाट्या टाकायचो. थोरली माझी सरूअक्का. उंच, काळीसावळी, चालताना हात मोकळे सोडणारी. मूलबाळ नव्हतं तिला, आणि त्याची आठवण करून द्यायला अख्खं गाव होतं. पण तिच्या तोंडाला कुणी पुरत नव्हतं. रेशनचा तांबडा मिलो यायचा, परदेशातनं आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना फुटायची, भाजताना तडकायची, गिळताना घशाला खरवडायची. अक्का ती हातात धरून म्हणायची, "अमेरिकेतली बाई रोज ही भाकर थापत आसंल तर तिच्या सासूला माझा दंडवत सांगा रं." रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मुकादम ओरडायचा. अक्का पाटी उचलून चालू लागायची, जसं काही बोललीच नाही.

त्या उन्हाळ्याचं मला चव, वास असंच आठवतं, दिवस असे आठवत नाहीत. टँकरच्या पाण्याला येणारा लोखंडाचा वास. सुकडीचा पिठूळ गोडवा. खोल विहिरीत डोकावल्यावर वर येणारी गरम हवा, जशी कुणाच्या तोंडातून यावी. आमचे हे, म्हणजे माझे मालक, देवळाली प्रवराकडं उसाच्या रानात कामाला गेलेले. तिकडं कॅनॉलचं पाणी. हे निरोप पाठवायचे, इथं हिरवं बघून डोळं दुखतात. आणि मामंजी, आमचे सासरे, बैलांबरोबर गुरांच्या छावणीत. घरची जोडी होती, हौशा आणि बिजल्या. मामंजी छावणीतच झोपायचे, तिथंच खायचे. उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे मिळायचे, ते आपल्या हातानं बारीक करून दोघांपुढं टाकायचे. मधनंच कधी घरी आले की त्यांच्या अंगाला बैलांचा वास, डोळे बैलांसारखेच आत गेलेले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांच्यापुढं भाकरी ठेवायच्या, तर ते अर्धी खाऊन अर्धी उपरण्यात बांधायचे. आत्याबाई म्हणायच्या, "बांधा, बांधा. तुमच्या ल्योकांनी उपाशी ऱ्हाऊ नये." राग नसायचा त्यात. बैल जगले तर घर जगेल, हे त्यांनाही कळत होतं.

आणि जगले. दुष्काळ सरला, पाऊस पडला, मामंजी दोघांना चालवत घरी घेऊन आले. हाडं मोजून घ्यावीत अशी जनावरं, पण चार पायांवर उभी. आत्याबाईंनी त्यांना ओवाळलं. मामंजींनी त्याच दिवशी बांधाच्या कडेला कडवळ पेरलं. आणि मग आभाळानं तोंड फिरवलं.

आत्याबाईंची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. घरात काही बिघडलं, नुकसान झालं, की त्या सगळ्यांना ओसरीवर बसवायच्या. म्हणायच्या, "या, पाखडू." सुपात धान्य घेऊन पाखडतो ना, तसं. बसायचं गोल. ज्यानं त्यानं त्या दिवशी सकाळपासून आपण काय काय केलं ते ओळीनं सांगायचं. मधलं गाळायचं नाही. देवानं केलं, नशिबात होतं, नजर लागली, हे शब्द तोंडातनं काढायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा नेम म्हणजे आपल्या हातचं तेवढंच बोलायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. शेवटी, पुढच्या खेपेला मी काय करीन, ते एक वाक्य.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या सांगायच्या, "माझ्या सासूनं जल्मभर दुसऱ्याचं केल्यालं माझ्या पदरात टाकलं. दूध उतू गेलं तरी मीच, म्हस आटली तरी मीच. तवाच ठरिवलं, माज्या घरात कुनी कुनाकडं बोट दाखवायचं न्हाई."

मी नवी असताना एकदा मांजरानं दह्याचं मडकं पालथं केलं. लगेच पाखडायला बसलो! थोरले भावजी, अक्काचे मालक, म्हणाले, "मांजराला बी बोलवा की. त्याच्या हातचं कोन सांगनार?" आत्याबाई हसल्या नाहीत. "मांजर मांजरावानी वागलं. झाकान कुनी ठिवलं न्हाई ते बोला." मग मी चाचरत बोलले की झाकण मी घासायला घेतलं होतं आणि परत ठेवलं नाही. वाटलं, आता पाठीत बसणार. तर आत्याबाई म्हणाल्या, "बरं. म्होरल्या खेपंला?" मी म्हणाले, "झाकण ठेवून मग घासायला बसेन." "झालं मग. जा, भाकरी टाक." संपलं. माहेरी चूक झाली की मार, नाहीतर लपवालपवी. इथं चूक म्हणजे सांगायची गोष्ट होती. मला किती हलकं वाटलं, काय सांगू. त्या रीतीवर माझा जीव जडला. म्हणून तर पुढचं सांगणं अवघड आहे.

त्या दिवशी मामंजींना जामखेडच्या बाजाराला जायचं होतं. सकाळची वेळ. मी आत चुलीपुढं. अक्का अंगणात शेण काढत होती. दोन्ही बैल दावणीला हंबरत होते. उपाशी बैलाचं हंबरणं वेगळं असतं, त्यात मागणं नसतं, कण्हणं असतं. मामंजी डोक्याला पटका गुंडाळत थांबले. म्हणाले, "सरू, बांधाकडचं कडवळ काप आन् टाक दोघाम्होरं. ऐकवत न्हाई मला."

अक्का म्हणाली, "मामंजी, पानाचं शेंडं पिवळं पडल्यात त्येच्या. आजून निसवलं बी न्हाई."

"थोडंच टाक म्हनलं."

"किरळ लागंल, मामंजी."

"तू मला शिकिवतीस व्हय? म्या ह्या हातानं वरीसभर जगवल्यात ती. तुज्या माहेरच्यांनी कंदी दावनीला जोडी बांधली का?"

अक्का इळा घ्यायला वळली. मामंजी गेले. चुलीतलं लाकूड धुरायला लागलं म्हणून मी फुंकर घातली. हे सगळं मी ऐकलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आत्याबाई पाण्याला, भावजी रानात, आमचे हे अजून देवळालीकडंच.

पुढचं थोडक्यात सांगते. हौशा खादाड, त्यानं पेंढी पुढं येताच तोंड घातलं. बिजल्या हुंगत उभा राहिला, मग दोन घास घेतले. हौशाच्या नाकपुड्या फुगलेल्या अक्काला दिसल्या, तशी तिनं बिजल्याच्या तोंडातनं कडवळ ओढून काढलं, हात घालून, दातांनी बोटं सोलून निघाली तिची. हौशाचे पाय थरथरले. तोंडाला फेस आला. भावजी पळत आले आणि कुणीतरी नजर लावली म्हणून लिंबू उतरवायला लागले. अक्का ओरडत होती, "गूळ! गुळाचं पानी!" मी गूळ फोडला. बांबूच्या नळकांड्यानं पाजायला गेलो तोवर हौशानं मान टाकली होती. ते पाणी आम्ही बिजल्याला पाजलं. तो दिवसभर थरथरत उभा राहिला, पण राहिला.

मामंजी उन्हं कलताना बाजारातनं आले. अंगणात माणसं जमलेली. हौशा आडवा, पोट फुगलेलं, डोळे उघडे. डोक्यावरचं बोचकं त्यांनी खाली ठेवलं नाही, ते आपलं आपण पडलं. ते बैलाच्या मानेवर हात ठेवून बसले. मग मान वर न करता म्हणाले, "कुनी कापलं?"

अक्का म्हणाली, "म्या."

माणसांतनं कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, "दुस्काळानं सोडला आन् सुनंनं खाल्ला." दुसऱ्यानं जोडलं, "पोट पिकंना, दावन बी रिकामी केली." अक्का मामंजींकडं बघत होती. मामंजी बैलाकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी ओसरीवर बसवलं. मला तेव्हा आशा होती. वाटलं, आता येईल सगळं सुपात. आधी भावजी बोलले. लिंबू उतरवण्यात वेळ घालवला, म्हणाले, पुढच्या खेपेला आधी गूळ. आत्याबाई बोलल्या. कडवळ पेरलं तेव्हाच दावणीपासून लांब पेरा म्हणून आग्रह धरला नाही, पुढच्या खेपेला धरीन. मग अक्का. दोन्ही हात मांडीवर ठेवून, बोटांना चिंधी बांधलेली, ती सांगायला लागली.

"सकाळी शेन काढलं. मग इळा घेतला. बांधाकडं गेले. पानाचं शेंडं पिवळं हुतं, ते म्या बघितलं. बघूनशान बी कापलं. दोघाम्होरं टाकलं. माज्या हातचं येवढंच."

"म्होरल्या खेपंला?" आत्याबाईंनी विचारलं.

अक्का जरा थांबली. "म्होरल्या खेपंला न्हाई कापनार. कुनी बी सांगितलं तरी."

आत्याबाईंच्या ते लक्षात आलं नाही. की आलं होतं, ते मला अजून सांगता येत नाही. त्या मामंजींकडं वळल्या. "तुमचं?"

मामंजी खांबाला टेकून बसले होते. "मी बाजाराला हुतो. माज्या हातचं काय?"

ओसरीच्या पत्र्यावर चिमण्या उड्या मारत होत्या, त्यांच्या नखांचा आवाज मला आठवतो. अक्कानं एकदाच मान वर केली. तिला सांगता आलं असतं. पण दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नेम. आणि तो नेम तिनं पाळला, ज्या घरानं तिचं काहीच पाळलं नाही त्या घराचा.

मग माझी पाळी. मी म्हणाले, "मी चुलीपुढं होते. भाकरी करत होते. गूळ फोडायला उशीर झाला." हे खरंच होतं. माझ्या हातचं तेवढंच होतं. कानांचं कुणी विचारलं नव्हतं.

आरशापुढं उभं राहून स्वतःला बघावं तर पाठ कधीच दिसत नाही. माणसाची पाठ बघायला दुसरं माणूस लागतं. हे मला आज कळतं. इतकी चांगली रीत, इतक्या दुखऱ्या जागेतून निघालेली, आणि तिच्याच आडोशाला आम्ही दोघं लपून बसलो. मामंजी एका बाजूला, मी दुसऱ्या. मधे अक्का, उघड्यावर.

पुढचे दिवस कुणी तिला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. भावजी तिच्याशी बोलेनासे झाले, एवढंच. तिनं ताट वाढलं की ते म्हणायचे, "धाकटीला वाढाया सांग." विहिरीवर बाया तिची घागर भरेपर्यंत लांब उभ्या राहायच्या. आणि तिचं बोलणं गेलं. गेलं म्हणजे, हो-नाही म्हणायची. पण ती अमेरिकेची बाई, तिची सासू, मुकादमाची नक्कल, सगळं गेलं. श्रावणात थोडा पाऊस आला. पोळ्याला बिजल्या एकटा. त्याला न्हाऊ घातलं, शिंगं मात्र कुणी रंगवली नाहीत. गावातनं वाजतगाजत जोड्या चालल्या तसा तो दावणीला ओढ घेत होता, डाव्या अंगाला सरकत होता, हौशाच्या जागेकडं. मामंजी घरात गेले ते बाहेर आले नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं बोचकं डोक्यावर घेतलं. खर्ड्याला तिचा भाऊ होता. भावजी उंबऱ्यात उभे होते. ती त्यांच्यापुढं थांबली. ते बाजूला झाले, तिला वाट द्यायला. बाकी काही केलं नाही त्यांनी. मी तिच्यामागं वेशीपर्यंत गेले, रडत. ती म्हणाली, "मागं फिर. तुजी भाकर करपंल." गाव सोडतानाचा तिचा तो टोमणा. मला अजून वाटतं, मी चुलीपुढनं सगळं ऐकलं ते तिला तेव्हाच ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, मग आत्मपरीक्षण करून उपयोग काय? माझा थोरला मुलगा शिकलेला आहे, तो हा शब्द वापरतो. आमच्या घरात आजही पाखडायला बसतात. नातसुना त्याला मीटिंग म्हणतात आणि हसतात. हसू द्या. मी त्यांना एवढंच म्हणते, आपल्या हातचं सांगणं ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी घशात अडकलेली असते. आणि नेम जेवढा चांगला, तेवढा तो घशात बुचासारखा घट्ट बसतो.

रब्बीची पेरणी आली. एका बैलाची शेती होत नाही. शेजारच्या एकबैल्याशी सावड केली, त्याचा बैल आणि आमचा बिजल्या जोडून पेरायची पाभर धरली. मामंजी पाभरीमागं चालत होते. दोन बैलांची चाल जुळेना, पेरणीचे तास, म्हणजे ओळी, वाकडे जायला लागले. भर दुपारी मामंजी पाभर रानात तशीच सोडून घरी आले. पायाला ओली माती. ओसरीवर आत्याबाई तूर निवडत होत्या. मामंजी त्यांच्यापुढं बसले.

"पाखडाया बस," म्हणाले. "माजं ऱ्हायलंय."

आणि त्यांनी सांगितलं. सकाळपासून, ओळीनं. पटका गुंडाळत होतो. बैल हंबरत होते. सरूला म्हणालो, काप. ती नको म्हणाली. मी तिचं माहेर काढलं. एकही शब्द गाळला नाही. त्यांना तो दिवस पाठ होता. रोज म्हटलेल्या आरतीसारखा.

आत्याबाईंच्या हातातलं सूप कलतं झालं, तूर मांडीवर सांडली. त्या आधी माझ्याकडं वळल्या. "तू चुलीम्होरं हुतीस."

"होते."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस गं?"

"तुमचा नेम होता, आत्याबाई. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही."

मला वाटलं होतं, रागावतील. त्यांचा चेहरा म्हातारा झाला, माझ्यासमोर, बघता बघता. "माज्या सासूनं दुसऱ्याचं माज्या पदरात टाकलं," त्या म्हणाल्या, "आन् म्या येवढी शानी, की माज्या सुनंच्या पदरात टाकलं आन् वर गाठ मारली." मग म्हणाल्या, "म्हंजी ही माजी चूक. लिवून घ्या कुनीतरी," आणि हसल्यासारखं केलं, लिहिता येणारं घरात कुणी नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर शेवटी एक प्रश्न वाढला. सगळ्यांचं सांगून झालं की विचारायचं, कुणाचं काही राहिलं का, आणि दुसऱ्यानं सांगितलं तरी चालेल.

पेरणी संपताच आम्ही तिघं खर्ड्याला गेलो. मामंजी, आत्याबाई, मी. भावजींना या म्हटलं, ते म्हणाले, "मी येऊन काय करू?" तेही खरंच. वाटेत किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले तशी मामंजींची चाल हळू झाली. अक्का भावाच्या परसात गोवऱ्या थापत होती. वाळली होती, पण हात तसेच मोकळे. तिचा भाऊ ओट्यावर तंबाखू मळत होता. म्हणाला, "या, या. दुसरा बी मेला का काय?"

"दाद्या," अक्का म्हणाली, "आत जा."

तिनं हात धुतले, आम्हाला तांब्या दिला, समोर उभी राहिली. मामंजींनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि सगळं परत सांगितलं, ओळीनं. तिच्या डोळ्यांकडं बघून. आत्याबाईंनी आपलं सांगितलं. मला वाटलं, माझंही सांगावं, तोंड उघडलं, तर अक्का म्हणाली, "तुजं मला ठावं हाय, धाकटे. चुलीपासनं अंगनाचं अंतर केवढं ते म्या सारवलंय."

मामंजी म्हणाले, "चल घरला, पोरी."

"कोनच्या घरला, मामंजी? गाव मला काय म्हनतं, ते तुमी ऐकलंय. तुमी माज्याम्होरं बोललात, लई उपकार. पर मला तर पयल्यापासून ठावंच हुतं की. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा. समद्यास्नी."

"सांगतो. गावाम्होरं सांगतो. मग येशील?"

अक्कानं पदर कमरेला खोचला. "आन् ज्यो उंबऱ्यात बाजूला झाला, त्येच्या शेजारी बसू?"

आत्याबाईंनी तांब्या तिच्या हातात परत दिला. भावजी त्यांचाच मुलगा. अक्का परत गोवऱ्यांकडं गेली. आम्ही निघालो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बिजल्या खातोय का?" मामंजींनी होकाराची मान हलवली.

ती आली नाही. भावानं तिला शेवटपर्यंत सांभाळलं, म्हणजे तिनंच भावाचं घर सांभाळलं. भावजींनी दुसरं लग्न केलं. असो.

पण मामंजींनी दिलेला शब्द पाळला. शनिवारी सकाळी मारुतीला तेल घालायला गाव जमतं. त्या शनिवारी मामंजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेले. बाया तिथं जात नाहीत, आम्ही दोघी घरीच. आत्याबाई दारात उभ्या, एकदा वाटेकडं, एकदा माझ्याकडं. मी उगाच अंगण परत झाडलं.

आधी शेजारीण आली, पदर सावरत, डोळे पुसत. "आत्याबाई," म्हणाली, "तुमचा न्हवरा न्हवं, देव हाय देव. सुनंचं पाप सोताच्या अंगावर घेतलं त्यांनी, समद्या गावाम्होरं! असला सासरा कुनाला मिळतो का? आन् ती अवदसा तिकडं माहेरी बसून भाकऱ्या मोडती."

शेजारीण गेली.

मग मामंजी आले. पाय धुतले नाहीत, पायरीवरच बसले. मी पाण्याचा तांब्या ठेवला, तो त्यांना दिसला नाही. आत्याबाई खाली बसून त्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"म्या ओळीनं सांगितलं," मामंजी म्हणाले. "सकाळपास्नं. कायबी गाळलं न्हाई. परत एकदा बी सांगितलं. तर लोकांनी पाठीवर हात ठिवला माज्या, म्हनले, बास आबा, कळलं आमाला."

मग म्हणाले, "मला चांगला म्हनत्यात गं ते. समदी."